साईटवर नेमके किती उतरले?

खारघरमध्ये बांधकाम थांबलेले वर्ष शोधून सापडणार नाही. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. वाशी, नेरूळ, बेलापूर आधी उभे राहिले, खारघरची पाळी मागाहून आली. पण एकदा आली ती अजून संपलेली नाही. बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे, पेठाली या गावांच्या अवतीभवती सेक्टर वाढत गेले. सेक्टर ३६ मध्ये सिडकोने स्वतः ‘स्वप्नपूर्ती’ आणि ‘व्हॅलीशिल्प’ उभारले. १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली, ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि तळोज्याच्या बाजूला आजही पायाचे खड्डे, सेंट्रिंग आणि क्रेन दिसतात.

या कामांना लागणारा माल चहूबाजूंनी येतो. सळई येते ती बहुधा कळंबोलीच्या लोखंड-पोलाद बाजारातून. मुंबईच्या दारूखाना-कर्नाक बंदर भागातली गर्दी कमी करण्यासाठी हा बाजार इकडे आणला गेला. सिमेंट रेल्वेच्या मालधक्क्यावर उतरते, काही समुद्रावरूनही येते: गुजरातच्या किनाऱ्यावरून सुटे सिमेंट जहाजाने पनवेलच्या टर्मिनलपर्यंत आणण्याची वाट अंबुजा कंपनीने पाडली. टाइल्स मोरबीहून ट्रकने, खडी आणि दगड फोडून केलेली क्रश सँड आसपासच्या खाणींतून. हा सगळा माल वेळेवर साईटवर पोचवणारा माणूस म्हणजे मटेरियल सप्लायर. एखादा गाळा, दोन फोन, स्वतःचे दोन-चार डंपर आणि गरजेप्रमाणे भाड्याच्या गाड्या, एवढ्यावर यांतले बरेच धंदे चालतात.

त्यांतले कितीतरी जण इथल्याच आगरी-कोळी कुटुंबांतले आहेत. नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासईचा लढा दिला आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळवले, त्यांच्या पुढच्या पिढीने त्या भूखंडांवर उठणाऱ्या इमारतींना रेती-खडी-मुरूम पुरवायला सुरुवात केली. या धंद्याला असा इतिहास आहे. असा धंदा संगणकावर आणायचा म्हणजे कंपनीच्या पत्रकातली एखादी ‘सिस्टिम’ आणून बसवायची एवढाच विषय राहत नाही.

तरीही तो आणावा लागणार आहे, कारण रोजची पद्धत आता ताणली गेली आहे. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, बऱ्याचदा आवाजी निरोपात: ‘उद्या सकाळी दोन गाड्या बारीक खडी, एक क्रश सँड, दुपारी सिमेंट.’ सप्लायर गाडीवाल्याला फोन करतो. गाडीवाला खाणीवर भरतो, काट्यावर वजन करतो, चलान घेऊन साईटवर जातो. सुपरवायझर चलानावर सही करतो, एक प्रत ठेवतो. दुसरी प्रत ड्रायव्हरच्या खिशातून किंवा डॅशबोर्डवरून चार दिवसांनी ऑफिसात पोचते, पावसाळ्यात भिजून. महिनाअखेरीस चलाने जुळवून बिल बनते. मग बिल्डरच्या ऑफिसातून फोन येतो: ‘तुमच्या बिलात सत्तावीस गाड्या आहेत, आमच्या रजिस्टरमध्ये पंचवीस.’ त्या दोन गाड्यांचे पैसे कोण सोसणार, यावर पुढचा महिना जातो.

ऑर्डर, गाडी, चलान, पोच, बिल, उधारी आणि वसुली हे सगळे एकाच ठिकाणी, एकमेकांना जोडून नोंदवणे, हेच एकात्मिक सॉफ्टवेअरचे काम. इंग्रजीतल्या तीन आद्याक्षरांनी ते ‘ईआरपी’ म्हणून ओळखले जाते. ऑर्डर नोंदली की तिच्यातूनच गाडीची फेरी ठरावी, फेरीतून चलान निघावे, चलानाची पोच साईटवरच मोबाइलवर नोंदली जावी, आणि पोचलेल्या मालाचेच बिल आपोआप बनावे. कल्पना साधी आहे. ती या धंद्यात का रुजत नाही, आणि जिथे रुजली तिथे कशामुळे रुजली, हा खरा प्रश्न.

संगणक या धंद्यात नाही असे मुळीच नाही. बंगळुरूच्या टॅलीची सुरुवात १९८६ ची, आणि महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याचा संगणकाशी पहिला संबंध तिच्यामुळेच आला असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. २५ मे २०१८ पासून राज्यांतर्गत वाहतुकीला ई-वे बिल लागू झाले. पुढे महाराष्ट्राने राज्यातल्या राज्यात त्याची मर्यादा पन्नास हजारांवरून एक लाख रुपयांवर नेली. ई-इनव्हॉइस ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींच्या वरच्या उलाढालीपासून सुरू झाले आणि टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ ला पाच कोटींपर्यंत पोचले. पाच कोटी म्हणजे चार-पाच मोठ्या साईट सांभाळणारा खारघरचा सप्लायरही त्यात आला.

मात्र या प्रत्येक पायरीवर संगणक शिरला तो कराच्या दारातून. बिल बरोबर आहे का, एचएसएन क्रमांक बरोबर आहे का, कर किती, विवरणपत्र भरले का, यासाठी पैसा आणि माणूस खर्च झाला. गाडी कुठे आहे, किती भरली, किती उतरली, कोणी घेतली, हे वहीतच राहिले. चार ब्रास खडीची फेरी एक लाखाच्या आत बसते, म्हणून तिला ई-वे बिलही लागत नाही. सळईच्या ट्रकला लागते. म्हणजे करखात्याच्या संगणकालाही निम्मा धंदा दिसत नाही आणि सप्लायरच्या स्वतःच्या संगणकालाही.

खारघरपासून तासाभराच्या अंतरावर न्हावा-शेवा बंदर आहे. तिथे २०१६ पासून कंटेनरवर आरएफआयडी टॅग लावून त्याचा प्रवास नोंदवला जातो. कंटेनर क्रमांक टाकला की तो कुठे आहे ते मालकाला घरबसल्या कळते. इटालियन संगमरवराची पेटी बंदरातून कधी सुटली ते खारघरच्या बिल्डरला तासा-मिनिटासह कळू शकते. त्याच इमारतीसाठी निघालेली रेतीची गाडी कळंबोली सर्कलला अडकली आहे की अजून भरलेलीच नाही, हे कळायला ड्रायव्हरला फोन लावावा लागतो, आणि ड्रायव्हर ‘पोचलोच’ म्हणतो.

आता मोजमापाकडे वळू. या धंद्यातली बहुतेक सॉफ्टवेअर इथेच अडखळतात.

सिमेंट गोणीवर विकले जाते: पन्नास किलोची गोणी, वीस गोण्यांचा एक टन. इथे भांडण नाही. विटा नगावर, एएसी ब्लॉक घनमीटरवर, टाइल्स बॉक्सवर पण भाव चौरस फुटावर, तयार काँक्रीट घनमीटरवर. रेती, खडी, मुरूम मात्र ब्रासवर. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारून साठ वर्षे उलटली तरी ब्रास टिकला आहे, आणि केवळ नाक्यावर नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज्य सरकारने नवे वाळू धोरण आणले तेव्हाही शासकीय डेपोतल्या वाळूचा दर ६०० रुपये ब्रास असाच जाहीर झाला.

खाणीचा काटा देतो टन, साईट मागते ब्रास. एक ब्रास खडी साधारण सव्वाचार टन धरतात, पण दगड कोणता, खडी दहा एमएमची की वीसची, ओली की कोरडी, यावर आकडा हलतो. रेतीचे तर याहून अवघड. ओलसर रेती फुगते. पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असेल तर बारीक रेतीचे आकारमान कोरड्या रेतीपेक्षा पाव हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त वाढू शकते. पूर्ण भिजली की पुन्हा खाली बसते. म्हणजे जूनमध्ये गाडीच्या फाळक्यापर्यंत भरलेली रेती मे महिन्यातल्या तेवढ्याच भरलेल्या रेतीइतकी नसते. काँक्रीटचा प्लांट वजनाने विकत घेतो आणि ओलावा वजा करतो, म्हणून त्याला हा घोळ कळतो. छोटा कंत्राटदार टेप लावून लांबी-रुंदी-उंची मोजतो, म्हणून त्याचा प्रत्येक वेळी वाद होतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘एक ब्रास = अमुक टन’ असा एकच आकडा एकदा टाकून ठेवला की वर्षभर चुकीचा साठा आणि चुकीचा नफा दिसत राहतो. बसवणारा माणूस हैदराबादहून किंवा अहमदाबादहून ऑनलाइन मदत करत असेल तर त्याला ही गोष्ट कोणी सांगितलेलीच नसते. मालागणिक, खाणीगणिक आणि ऋतूगणिक वेगळे रूपांतर ठेवण्याची सोय हवी, आणि चलानावर दोन्ही आकडे हवेत: काट्याचे वजन आणि साईटचे माप.

सळईची गंमत वेगळी. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केले की मीटरमागे वजन किलोत मिळते, हे प्रत्येक फिटरला पाठ असते. आठ एमएमची सळई मीटरला ०.३९५ किलो, बारा मीटरची एक काठी ४.७४ किलो, म्हणजे टनात सुमारे २११ काठ्या. पण भारतीय मानक आयएस १७८६ दहा एमएमपर्यंतच्या सळईला वजनात सात टक्के कमी-जास्त असण्याची मुभा देते. कारखान्याची सळई पाच टक्के हलकी निघाली तर त्याच टनात २२२ काठ्या बसतात. घेणाऱ्याचा त्यात फायदा की तोटा, हे तो वजनावर घेतो की नगावर यावर ठरते. कळंबोलीत वजनाने घेऊन साईटवर काठ्या मोजून देणाऱ्या सप्लायरच्या हिशेबात अकरा काठ्या कधी उगवतात, कधी हरवतात. वजन आणि नग दोन्ही न नोंदवणारे सॉफ्टवेअर या अकरा काठ्यांना ‘चोरी’ किंवा ‘नोंदीतली चूक’ यांपैकी काहीतरी म्हणणार, आणि गोडाऊनवरच्या निरपराध पोरावर संशय येणार.

दुसरी अडचण मालाच्या प्रवासाची. ईआरपीची मूळ रचना कारखान्यासाठी झाली: माल गोदामात येतो, साठतो, गोदामातून जातो. खारघरच्या सप्लायरकडे बऱ्याचदा गोदामच नसते. खडी खाणीवरून थेट साईटवर जाते, सळई कळंबोलीच्या यार्डातून थेट साईटवर. माल सप्लायरच्या मालकीचा होतो तो रस्त्यावर, आणि तिथेच विकलाही जातो. त्यात बिल्डरचे ऑफिस वाशीत, साईट खारघरमध्ये, आणि पैसे देणारी कंपनी मुंबईतली. बिल एकाच्या नावाने, माल दुसऱ्याच्या पत्त्यावर. जीएसटीत याला स्पष्ट जागा आहे, चांगल्या सॉफ्टवेअरमध्येही आहे. पण ती सोय पहिल्याच दिवशी नीट मांडली नाही तर कारकून खोटे गोदाम उघडतो, त्यात माल ‘आला’ आणि ‘गेला’ असे दाखवतो, आणि तीन महिन्यांत त्या काल्पनिक गोदामात शेकडो ब्रास खडी साचलेली दिसते.

त्यातच चलान आणि बिल यांच्यातले अंतर. कायद्याप्रमाणे माल हलवताना किंवा त्याआधी बीजक बनायला हवे. धंद्याची सवय मात्र रोज चलान आणि महिनाअखेरीस बिल अशी. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा या सवयीचा भार अनेकांना जाणवला. आधीच्या तीन आठवड्यांत उतरलेल्या गोण्यांचे बिल अजून व्हायचे होते. घेणाऱ्याला नवा दर हवा होता, देणाऱ्याने जुन्या दराने खरेदी केलेली होती. ज्यांच्याकडे प्रत्येक फेरीचे बीजक त्याच दिवशी निघत होते त्यांना त्या रात्री फक्त दर बदलावा लागला.

काट्याबद्दल बोलल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही, आणि इथे विषय नाजूक होतो. वजनकाट्याचे यंत्र संगणकाला जोडणे तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपे आहे. एक तार, छोटासा प्रोग्राम, गाडीच्या क्रमांकाचा कॅमेरा. वजन हाताने लिहायची गरजच उरत नाही. वैधमापन विभागाकडून काट्याची दर वर्षी तपासणीही होते. मग काटे जोडले का जात नाहीत? कारण वजन नोंदले की ओव्हरलोडही नोंदला जातो.

२०१८ च्या जुलैत केंद्राने गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. तीन आसांच्या ट्रकचे एकूण वजन २५ वरून २८.५ टन झाले. अशा ट्रकचे, म्हणजे ‘हायवा’ डंपरचे, स्वतःचे वजन अकरा-बारा टन धरले तर कायद्यात चार ब्रासच्या आसपासच खडी बसते. पाच ब्रास भरली की गाडी तेहतीस टनांकडे जाते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे. भाड्याचा दर मात्र बाजारात असा पडलेला असतो की चार ब्रासमध्ये गाडीमालकाचा हप्ता सुटत नाही. नियम पाळणारा एकटा सप्लायर दर फेरीमागे तोटा सोसतो. ओव्हरलोडने सायन-पनवेल महामार्गाची चाळण होते, ब्रेक लागत नाहीत, माणसे मरतात; तेव्हा या लपवाछपवीला धंद्याची अपरिहार्यता म्हणून सोडून देता येणार नाही. पण ती सॉफ्टवेअरने मिटेल असे सांगणारा विक्रेताही खरे बोलत नाही. बिल्डरने भाड्याचा दर चार ब्रासवर ठरवला तरच काटा आणि संगणक यांची जोडी टिकते.

सरकारने आपल्या बाजूने एक दोरी ओढली आहे. गौण खनिजाच्या गाडीला ‘महाखनिज’ प्रणालीतून निघालेला वाहतूक परवाना लागतो, आणि गाडीवर जीपीएसही सक्तीचे आहे. २०१० मध्ये आवाज फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने वाळूउपशावर बंदी घातली, तिथून सुरू झालेला हा प्रवास २०२५ च्या कृत्रिम वाळू धोरणापर्यंत आला आहे. खाडीतल्या रेतीची जागा क्रश सँडने घेतली हा बदल खारघरच्या कोणत्याही साईटवर डोळ्यांनी दिसतो. वाईट एवढेच की परवान्याची नोंद एका ठिकाणी, ई-वे बिल दुसऱ्या, जीपीएसचा नकाशा तिसऱ्या आणि चलान चौथ्या ठिकाणी राहते. एकाच फेरीची माहिती चार वेळा टाइप होते. या चारही नोंदींना एकच फेरी क्रमांक दिला तर निम्मी मेहनत वाचेल, आणि सप्लायरने सॉफ्टवेअर घेताना पहिली मागणी हीच करावी.

या क्षेत्रात सर्वांत पुढे गेले ते तयार काँक्रीटवाले. त्यांना तसे करणे भागच होते. आयएस ४९२६ प्रमाणे काँक्रीट भरल्यापासून दोन तासांत ओतले जायला हवे. मिक्सर वाहतुकीत अडकला तर सहा घनमीटर माल फेकून द्यावा लागतो. प्लांटचा संगणक प्रत्येक बॅचमध्ये सिमेंट, खडी, पाणी किती पडले ते छापून देतो. त्याच नोंदीतून चलान निघते, मिक्सरवर जीपीएस असते, साईटवर पोचल्याची वेळ लिहिली जाते. एकात्मिक व्यवस्था म्हणजे काय ते पाहायचे असेल तर तळोजा-तुर्भे पट्ट्यातला एखादा चांगला प्लांट पाहावा.

याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण मेक्सिकोच्या सेमेक्स कंपनीचे. तिथल्या शहरांत काँक्रीटची गाडी सांगितलेल्या वेळेच्या तीन तास मागे-पुढे येई. १९९० च्या दशकात सेमेक्सच्या माणसांनी ह्यूस्टनचे आपत्कालीन कॉल केंद्र आणि फेडएक्सची मालवाटप व्यवस्था जाऊन पाहिली, मिक्सरवर जीपीएस बसवले, गाडी एकाच प्लांटला बांधून ठेवण्याची पद्धत मोडली आणि तीन तासांची अनिश्चितता वीस मिनिटांवर आणली. गाडी एका प्लांटपासून सोडवण्याचा निर्णय यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यंत्र तर त्यांनी आणलेच, पण गाडी कोणाची, ती कोणाच्या हुकमाने हलते, ही रचनाच बदलली. खारघरच्या सप्लायरने नुसते जीपीएस लावले आणि गाडीवाल्याशी फोनवरच बोलत राहिला तर त्याला नकाशावर फक्त उशीर दिसेल.

आपल्याकडे याच वाटेने मोठी झालेली कंपनी शेजारीच आहे. ठाण्याची इन्फ्रा.मार्केट २०१६ मध्ये सौविक सेनगुप्ता आणि आदित्य शारदा यांनी सुरू केली. छोट्या उत्पादकांचा माल एकत्र करायचा, त्याचा दर्जा आणि वाहतूक आपण सांभाळायची, आणि मोठ्या कंत्राटदारांना एकाच खिडकीतून पुरवायचे, हे त्यांचे सूत्र. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीचे मूल्य एक अब्ज डॉलरवर गेले, त्याच वर्षी आरडीसी काँक्रीट त्यांच्याकडे आली. नाक्यावरच्या सप्लायरला या कंपनीची धास्ती वाटावी हे समजण्यासारखे आहे. तिची ताकद स्वस्त खडीत नाही. कोणत्या साईटला कोणत्या दिवशी काय लागणार आणि कोणता ग्राहक किती दिवसांत पैसे देतो, ही माहिती तिच्याकडे एकत्र आहे. स्थानिक सप्लायरकडे हीच माहिती असते, अनेकदा जास्त बारकाईने, पण ती एका माणसाच्या डोक्यात असते. तो आजारी पडला की धंदा थांबतो.

मग घ्यायचे काय? सॅपसारखी अवाढव्य व्यवस्था सिमेंट कंपन्यांना आणि मोठ्या बिल्डरांना शोभते. छोट्या सप्लायरने तिच्या वाटेला जाऊ नये. त्याच्यासाठी बेल्जियमची ओडू आहे, तिचे मोठे ऑफिस गांधीनगरला आहे. आणि ईआरपीनेक्स्ट तर मुंबईचेच अपत्य: ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यात ईआरपी बसवताना आलेल्या अनुभवातून ते घडवत नेले, त्यांच्या फ्रॅपे कंपनीने ते मुक्तस्रोत ठेवले. परवान्याचा खर्च नाही, ब्राससारखे एकक घालता येते, चलानाचा मसुदा बदलता येतो. खर्च येतो तो बसवणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा, आणि तो कमी लेखू नये. टॅली चालू ठेवून फक्त गाडी-चलान-पोच यांच्यासाठी वेगळे मोबाइल ॲप जोडायचे, हा मधला मार्गही अनेकांना पुरेसा आहे. सीए टॅली मागतो, त्यामुळे ती काढून टाकण्याचा आग्रह धरणारा सल्लागार पहिल्या विवरणपत्रालाच अडचणीत येतो.

मोठ्यांचेही हात भाजले आहेत. जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीने सात वर्षे आणि सुमारे पन्नास कोटी युरो घालून २०१८ मध्ये आपला सॅप प्रकल्प बंद केला. लिडल साठा खरेदीच्या किमतीने मोजत असे, सॉफ्टवेअरची मूळ रचना विक्रीच्या किमतीची होती. जुनी सवय सोडायची नाही म्हणून सॉफ्टवेअर वाकवत गेले आणि ते मोडले. आपली कोणती सवय धंद्याचा कणा आहे आणि कोणती नुसतीच जुनी आहे, हे आधी ठरवावे लागते. ब्रास ठेवावा. महिनाअखेरीचे बिल सोडावे.

माणसांचा विचार या सगळ्यात बहुधा शेवटी होतो, तो आधी व्हायला हवा. कळंबोलीच्या यार्डात माल चढवतात माथाडी कामगार. १९६९ च्या माथाडी कायद्याने, आणि अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीने, त्यांना मंडळ, लेव्ही, भविष्यनिर्वाह निधी आणि ओळख मिळाली. टोळीची हमाली, मंडळाची लेव्ही, ड्रायव्हरची वाराई हे खर्च प्रत्येक फेरीला पडतात, आणि परदेशी साच्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांना खातेच नसते. ते ‘इतर खर्च’ या गाठोड्यात जातात. फेरीचा खरा खर्च मग कधीच कळत नाही, आणि टोळीचे देणे मागे राहिले तरी ते कोणाच्या पडद्यावर दिसत नाही.

ड्रायव्हरला दिलेले ॲप इंग्रजीत असेल तर ते दुसऱ्या दिवशी बंद पडते. त्याला तीनच बटणे लागतात: भरली, पोचली, उतरली. त्यासोबत चलानाचा आणि उतरलेल्या मालाचा फोटो. सुपरवायझरच्या फोनवर एक ओटीपी जावा आणि तो सांगितला की पोच पक्की व्हावी. ऑनलाइन खरेदीच्या पेट्या घरोघर पोचवणारी पोरे हे रोज करतात. चार ब्रास खडीला ते का नसावे? मराठी आणि हिंदी दोन्ही हवे, कारण गाडीवर उत्तर भारतातला माणूस आणि गाळ्यात आगरी मालक अशी जोडी इथे सर्रास आहे.

पोचेची तारीख आणि वेळ नोंदली जाण्याचा सर्वांत मोठा लाभ पैशांत आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो. प्राप्तिकर कायद्यातल्या ४३बी(एच) या तरतुदीने २०२३-२४ पासून त्याला दात दिले: मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला त्या वर्षी ती रक्कम खर्च म्हणून दाखवता येत नाही. पण हे संरक्षण उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे, निव्वळ व्यापाऱ्याला नाही. स्वतःचा क्रशर किंवा ब्लॉकचा कारखाना असलेला सप्लायर त्यात बसतो. खाणीवरून घेऊन साईटवर देणारा बसत नाही. हा भेद अन्यायाचा आहे, कारण शंभर-सव्वाशे दिवसांची उधारी सोसतो तो हा व्यापारीच. हा भेद मिटेपर्यंत त्याच्या हातात एकच कागद उरतो: कोणत्या गाडीतून, किती वाजता, किती वजन उतरले आणि कोणी घेतले, याची त्याच क्षणी झालेली नोंद. बँकेकडे खेळत्या भांडवलासाठी जाताना हीच नोंद उपयोगी पडते, आणि सत्तावीस-पंचवीसचा वाद फोन उचलण्याआधीच मिटतो.

सुरुवात सगळी एकदम करू नये. एक साईट, एक माल आणि ज्याच्याशी बोलता येते असा एक सुपरवायझर निवडावा. खारघरमध्ये जून ते सप्टेंबर पायाची कामे मंदावतात, गाड्या उभ्या राहतात. चलानाचा नवा मसुदा बनवायला, खाणीगणिक ब्रासचे वजन काट्यावर तपासून घ्यायला आणि ड्रायव्हरांना शिकवायला तोच काळ बरा. दसऱ्यानंतर कामे पुन्हा भरात येतात, तेव्हा जुनी वही आणि नवा फोन महिनाभर शेजारी-शेजारी चालवावेत, रोज संध्याकाळी दोन्हींतला आकडा जुळवावा, आणि जिथे जुळला नाही तिथे आधी साईटवर जाऊन माल पाहून यावा.